डोळे आलेत? आधी हात आवरा

पावसाळ्यात डोळ्यांची साथ कधी ना कधी दारात येतेच. २०२३च्या जुलैत ती पुणे जिल्ह्यातल्या आळंदीत शाळकरी मुलांमध्ये भडकली आणि ऑगस्टपर्यंत राज्यातल्या रुग्णांची संख्या लाखांच्या घरात गेली. अशा साथीत घरोघरी दोन प्रश्न विचारले जातात. डोळ्यात काय घालू? आणि घरातल्या बाकीच्यांना होऊ नये म्हणून काय करू?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'फारसं काही नाही' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर मोठं आहे आणि खरी मेहनत तिथेच घ्यावी लागते. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. डोळ्यात घालण्यासाठी दहा गोष्टी सुचवल्या जातात, पण टॉवेल मात्र घरभर एकच फिरत राहतो. साथीत आलेले बहुतेक डोळे आपले आपण बरे होतात. त्यांना बरं होऊ देणं, त्या काळात त्रास कमी करणं आणि दुसऱ्याच्या डोळ्यापर्यंत आजार जाऊ न देणं, एवढंच घरातल्या माणसांचं काम आहे. ते नीट कसं करायचं आणि कोणत्या वेळी घरी अजिबात थांबायचं नाही, हे या लेखात सांगितलं आहे.

डोळे येतात म्हणजे काय होतं?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. त्याला नेत्रश्लेष्मला म्हणतात. हा पापुद्रा सुजला की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, डोळा लाल होतो, पाणी गळतं आणि चिपडं धरतात. यामागे मुख्यतः तीन कारणं असतात आणि तिन्हींची लक्षणं थोडी वेगळी असतात.

पहिलं कारण विषाणू. साथी बहुतेक करून यामुळेच येतात. सर्दी आणि घसादुखी करणारा ॲडिनोव्हायरस यात सर्वांत पुढे असतो, म्हणून याला डोळ्याची सर्दी समजायला हरकत नाही. आधी एक डोळा लाल होतो आणि एक-दोन दिवसांत बहुधा दुसराही येतो. पाणी पातळ असतं, डोळ्यात वाळूचे कण गेल्यासारखं खुपतं, पापण्या जड होतात. काहींना कानाच्या पुढच्या बाजूला छोटी गाठ हाताला लागते आणि ती दाबली की दुखते. सोबत सर्दी, घसादुखी किंवा बारीक ताप असू शकतो.

काही साथी एंटेरोव्हायरस ७० आणि कॉक्सॅकी ए-२४ या विषाणूंमुळे येतात. १९६९ साली घानामध्ये अशी साथ पहिल्यांदा नोंदली गेली. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षीची म्हणून तिला 'अपोलो' म्हटलं गेलं. १९७१मध्ये बंगालमध्ये निर्वासितांच्या लोंढ्यांच्या काळात हीच साथ 'जय बांगला' या नावाने घरोघरी पोचली. या प्रकारात लागण झाल्यापासून एक-दोन दिवसांतच डोळे येतात आणि पांढऱ्या भागावर रक्ताचे लालभडक डाग दिसू शकतात. ते पाहून माणूस घाबरतो, पण दृष्टी स्वच्छ असेल आणि तीव्र वेदना नसतील तर हे डाग काही दिवसांत आपोआप जिरतात.

दुसरं कारण जिवाणू. यात घट्ट, पिवळट किंवा हिरवट पू दिवसभर येत राहतो, पुसला तरी थोड्या वेळात पुन्हा जमतो. लहान मुलांमध्ये हा प्रकार जास्त दिसतो. सौम्य असेल तर तोही काही दिवसांत उतरतो. अँटिबायोटिक थेंबांनी तो लवकर आटोक्यात येतो, पण ते द्यायचे की नाही हे डॉक्टरांनी डोळा पाहून ठरवायचं असतं. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटल्या होत्या, एवढ्यावरून जिवाणू संसर्ग ठरत नाही. विषाणूमुळे आलेल्या डोळ्यांतही पापण्या चिकटतात.

तिसरं कारण ॲलर्जी. इथे मुख्य तक्रार खाजेची असते. दोन्ही डोळे एकदम खाजतात, चिकट आणि तार सुटणारा स्राव येतो, शिंका येतात. दर उन्हाळ्यात डोळे चोळणारी मुलं बहुधा या गटातली असतात. हा प्रकार एकाकडून दुसऱ्याला होत नाही, पण सतत डोळे चोळल्याने बुबुळाचा आकार बिघडू शकतो. म्हणून अशा मुलाला साथ ओसरल्यावर नव्हे, तर त्रास दिसताच नेत्रतज्ज्ञांना दाखवावं.

तिसऱ्या दिवशीची भीती

विषाणूमुळे आलेल्या डोळ्यांचा एक ठरलेला क्रम असतो. तो माहीत असला तर निम्मी धावाधाव वाचते. पहिले तीन ते पाच दिवस त्रास वाढत जातो. तिसऱ्या दिवशीचा डोळा पहिल्या दिवशीपेक्षा जास्त लाल, जास्त सुजलेला दिसतो. त्यानंतर तो हळूहळू उतरू लागतो आणि एक ते दोन आठवड्यांत बहुतेकांचा डोळा स्वच्छ होतो. काहींना तीन आठवडेही लागतात.

गडबड होते ती नेमकी या तिसऱ्या दिवशी. 'कमी होण्याऐवजी वाढतंय' म्हणून घरचे लोक दुसरं औषध आणतात, शेजारी सुचवतील ते घालून पाहतात. पाचव्या-सहाव्या दिवशी डोळा उतरू लागतो आणि शेवटी घातलेल्या वस्तूला श्रेय मिळतं. पुढच्या साथीत तीच वस्तू खात्रीचा उपाय म्हणून दहा घरांत जाते. अनेक घरगुती उपायांवरचा विश्वास असाच तयार झालेला असतो. म्हणून पहिल्या दिवशीच कॅलेंडरवर खूण करून ठेवा. तिसऱ्या दिवशी लाली वाढली, पण नजर स्वच्छ आहे आणि डोळ्यात आत खोलवर दुखत नाही, तर घाबरण्याचं कारण नाही.

आजार नजरेतून येत नाही, हातातून येतो

डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येतात, हा समज अजूनही घट्ट आहे. म्हणून रुग्णाला काळा चष्मा लावायला सांगतात आणि मग सगळे निर्धास्तपणे एकाच टॉवेलला तोंड पुसतात. काळा चष्मा उपयोगी आहे, पण तो रुग्णासाठी. उजेड सोसत नाही तेव्हा त्याने बरं वाटतं आणि हात सहज डोळ्यापर्यंत जात नाही. समोरच्या माणसाचं त्याने रक्षण होत नाही.

खरी वाट अशी असते. डोळ्यातलं पाणी बोटांना लागतं. ती बोटं दाराची कडी, नळ, मोबाइल, टीव्हीचा रिमोट, एसटीतला दांडा, लोकलमधली कडी यांना लागतात. दुसऱ्याचा हात तिथे पडतो आणि काही मिनिटांत तो स्वतःच्या डोळ्याकडे जातो. आपण दिवसभरात किती वेळा चेहऱ्याला हात लावतो, हे आपल्यालाही कळत नाही. ॲडिनोव्हायरस कोरड्या पृष्ठभागावर काही आठवडेसुद्धा टिकू शकतो.

या विषाणूला बाहेरून मेदाचं आवरण नसतं. त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर पुरेसा भरवसा ठेवता येत नाही. करोनाच्या काळात लागलेली सॅनिटायझरची सवय इथे अपुरी पडते. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून आणि नखांखालून किमान वीस सेकंद हात चोळावेत आणि वाहत्या पाण्याखाली धुवावेत. विषाणू हातावरून वाहून जाणं यात महत्त्वाचं आहे. त्यासाठी साधा साबण पुरतो.

लागण झाल्यापासून डोळा लाल होईपर्यंत ॲडिनोव्हायरसला साधारण पाच ते बारा दिवस लागतात. म्हणजे मोठ्या मुलाचे डोळे बरे होत आले आणि मग धाकट्याचे आले, तर त्याला लागण आठवडाभर आधीच झालेली असू शकते. डोळ्यात लाली किंवा पाणी आहे तोवर, सुमारे दहा ते चौदा दिवस, रुग्णाकडून आजार पसरू शकतो. म्हणून दोन दिवस काळजी घेऊन थांबू नका, दोन आठवडे ती घ्या.

घरात पहिल्याच दिवशी करायचे बदल

घर दोन खोल्यांचं असो की मोठं, पुढच्या गोष्टी सगळ्यांना जमतात.

रुग्णाचा टॉवेल, पंचा, रुमाल वेगळा करा आणि तो वेगळ्या खिळ्यावर किंवा दोरीच्या वेगळ्या टोकाला टांगा. कोणता कोणाचा यात घोळ होऊ नये म्हणून रंग वेगळा ठेवा किंवा कोपऱ्याला गाठ मारा. हात पुसायला स्वयंपाकघरात आणि बेसिनपाशी जो एकच नॅपकीन टांगलेला असतो, तो साथीच्या दिवसांत काढूनच टाका. तोच सर्वांत जास्त हातांतून जातो.

उशीचा अभ्रा रोज बदला. एका अंथरुणावर तीन मुलं झोपत असतील तर ज्याचे डोळे आलेत त्याला कडेला झोपवा आणि त्याची उशी दुसऱ्या कोणाला देऊ नका. अभ्रे, रुमाल, पंचे गरम पाण्यात साबणाने धुवा आणि उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन मिळत नाही, कपडे दमटच राहतात. तेव्हा वाळल्यावर त्यांच्यावर कडक इस्त्री फिरवा.

डोळे पुसायला शक्य तर कापूस किंवा टिश्यू वापरा आणि एकदा पुसून झाकणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाका. साडीचा पदर, ओढणी, सदऱ्याची बाही यांनी डोळे पुसणं पूर्ण बंद. मुलाचे डोळे पदराने पुसण्याची आईची सवय मायेची आहे, पण तोच पदर पुढच्या क्षणी धाकट्याच्या तोंडावरून फिरतो.

दिवसातून दोनदा तरी कड्या, नळ, बटणं, रिमोट, मोबाइल आणि चष्म्याच्या काड्या पुसून घ्या. कड्या आणि नळांसाठी पाण्यात मिसळायचं ब्लीच बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे वापरता येतं. ते संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू तयार होतो. मोबाइल आणि चष्मा साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या ओलसर कापडाने पुसला तरी चालतो.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर डोळा लाल होताच ती काढा. ती लेन्स आणि तिची डबी टाकून द्या. डोळा पूर्ण बरा झाल्याशिवाय नवी घालू नका. आयलायनर, मस्कारा, काजळ हे सगळं त्या काळात बंद ठेवा आणि डोळे येण्याच्या दिवसांत वापरलेलं नंतर टाकून द्या. त्याच काजळाच्या डबीतून पुन्हा लागण होऊ शकते.

लहान मुलांचे हात डोळ्यांवर जाणारच. त्यांची नखं कापा, दर तासा-दोन तासांनी हात धुवा आणि 'चोळू नको' असं ओरडत बसण्यापेक्षा हातात काही काम द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईचे डोळे आले तर तिने पाजणं थांबवू नये. बाळाला जवळ घेण्याआधी हात स्वच्छ धुवावेत आणि आपला चेहरा बाळाच्या चेहऱ्याला लावू नये.

डोळा साफ करण्याची रीत

चिपडं ओरबाडून काढली की पापणीची कड सोलवटते आणि दुखणं वाढतं. म्हणून हे काम सावकाश करा.

१. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. रुग्ण स्वतः करत असेल तर त्यानेही.

२. उकळून थंड केलेलं, कोमट पाणी स्वच्छ वाटीत घ्या. प्रत्येक वेळी नवं पाणी घ्या, सकाळचं संध्याकाळी वापरू नका.

३. कापसाचा बोळा त्यात बुडवून हलका पिळा आणि मिटलेल्या डोळ्यावर मिनिटभर ठेवा. चिपडं मऊ होतील.

४. नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे, एकाच दिशेने पुसा. एका बोळ्याने एकदाच पुसा आणि तो टाकून द्या.

५. दुसऱ्या डोळ्याला वेगळा बोळा, शक्य तर वेगळी वाटी घ्या. एकच डोळा आला असेल तर आधी चांगला डोळा साफ करा, मग आलेला.

६. झाल्यावर पुन्हा हात धुवा, वाटीही धुवा.

दिवसातून तीन-चार वेळा एवढं पुरतं. नळाखाली डोळा धरून जोरात पाणी मारण्याची गरज नाही.

त्रास कमी करण्यासाठी

गार पाण्याच्या घड्या हा सर्वांत साधा आणि खात्रीचा आराम आहे. स्वच्छ सुती रुमाल गार पाण्यात बुडवून, पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. दोन डोळ्यांना दोन वेगळ्या घड्या घ्या आणि वापरून झाल्या की धुवायला टाका. बर्फ थेट डोळ्यावर ठेवू नका.

खुपखुप फार असेल तर कृत्रिम अश्रूंचे थेंब उपयोगी पडतात. त्यात बहुधा कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज असतं. ते आजार मारत नाहीत, डोळा ओला ठेवतात. बाटली फ्रीजमध्ये ठेवून गार थेंब टाकले की जास्त बरं वाटतं. घेताना औषधाच्या दुकानात 'डोळे आलेत, काहीतरी द्या' असं म्हणू नका. कृत्रिम अश्रू हवेत, असं नेमकं सांगा आणि बाटलीवरचं नाव वाचून घ्या.

डोकं जड वाटत असेल, अंग दुखत असेल तर वयाप्रमाणे पॅरासिटामॉल घेता येतं. वाचल्याने किंवा टीव्ही पाहिल्याने डोळ्याला इजा होत नाही, पण डोळे शिणत असतील तर विश्रांती घ्या. खाण्यापिण्याचं पथ्य लागत नाही. अंघोळ चालते. पोहणं मात्र डोळा पूर्ण बरा होईपर्यंत बंद.

डोळ्यात काय घालू नये

मध, कांद्याचा रस, तुळशीचा रस, तुरटीचं पाणी, हळदीचं पाणी, लिंबू, एरंडेल, आईचं दूध. प्रत्येक घराचा एकेक उपाय असतो आणि तो प्रेमानेच सुचवलेला असतो. अडचण अशी की यांतली कोणतीही गोष्ट निर्जंतुक नसते. किराणा दुकानातलं, पूजेचं आणि चेहऱ्याला लावायचं गुलाबपाणीही निर्जंतुक नसतं. सुजलेल्या डोळ्यात अशी गोष्ट गेली की विषाणूच्या जोडीला जिवाणू किंवा बुरशी येऊ शकते. बुबुळावर जखम झाली तर ती भरताना पांढरा डाग राहतो. त्यालाच आपण डोळ्यात फूल पडणं म्हणतो. ते बुबुळाच्या मध्यावर पडलं तर नजर कायमची अधू होते. एक-दोन आठवड्यांत बरा होणारा आजार असा आयुष्यभराचा होतो.

रुईच्या चिकाबद्दल वेगळं सांगायला हवं. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ करताना देठातून पांढरा चीक येतो. त्या हाताने डोळा चोळला तर बुबुळाच्या आतल्या पेशींना इजा होते आणि नजर धुरकट होते. सुरुवातीला फारसं दुखत नाही, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. अशा वेळी डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. रुईचा चीक औषध म्हणून डोळ्यात कोणीही, कधीही घालू नये.

आणि आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब हा डोळ्यांच्या साथीतला सर्वांत मोठा धोका आहे. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल ही त्यांची नावं आहेत. बऱ्याचदा ती अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतात, म्हणून पटकन लक्षात येत नाहीत. हे थेंब टाकले की दिवस-दोन दिवसांत लाली उतरते आणि औषध जालीम वाटतं. पण ते सूज दाबतात, विषाणूला मारत नाहीत. डोळा नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूने किंवा बुरशीने लाल झालेला असेल तर स्टेरॉइडमुळे बुबुळावरची जखम झपाट्याने पसरते. बाहेरून हा डोळा साध्या आलेल्या डोळ्यासारखाच दिसू शकतो. महिनोन् महिने हे थेंब वापरल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

नेत्रतज्ज्ञही कधीकधी स्टेरॉइड देतात. पापणीच्या आत पडदा धरला असेल किंवा साथीनंतर बुबुळावर बारीक ठिपके उठून नजर धुरकट झाली असेल तर त्याची गरज पडते. पण ते यंत्राखाली डोळा तपासून, दाब मोजून, दिवस ठरवून देतात. मागच्या वर्षीची उरलेली बाटली, शेजाऱ्याला दिलेली बाटली, व्हॉट्सॲपवर आलेला बाटलीचा फोटो, यांतून हे काहीच कळत नाही. घरात उरलेले डोळ्यांचे थेंब असतील तर उघडल्यापासून चार आठवडे झालेली बाटली टाकून द्या.

फक्त लाली घालवणारे थेंबही टाळा. त्यांचा असर उतरला की डोळा आधीपेक्षा जास्त लाल होतो.

डॉक्टरांनी दिलेले थेंब कसे टाकायचे

हात धुवा. रुग्णाला झोपवा किंवा मान मागे टेकवून बसवा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा, म्हणजे एक छोटी खोबण तयार होते. रुग्णाला वर पाहायला सांगा आणि त्या खोबणीत एकच थेंब टाका. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागू देऊ नका, नाहीतर बाटलीच दूषित होते. डोळा एक-दोन मिनिटं मिटून ठेवा आणि नाकाकडचा कोपरा बोटाने हलका दाबून धरा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन वेगवेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्या. मूल डोळा उघडतच नसेल तर त्याला उताणं झोपवून मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर थेंब ठेवा. डोळा उघडला की तो आत जातो.

दोन भावंडांचे डोळे आले असतील तरी बाटल्या दोन हव्यात. एका बाटलीतून दोघांना टाकल्याने एकाचा संसर्ग दुसऱ्याला जातो.

या वेळी घरी थांबू नका

पुढच्यापैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. लाल डोळा म्हणजे साथीचाच डोळा, असं गृहीत धरू नका.

- डोळे मिचकावले, चिपडं पुसली तरी नजर धुरकट राहते.
- खुपण्यापलीकडचं, आत खोलवर दुखतं किंवा उजेड अजिबात सोसत नाही.
- बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो.
- पापणीभोवतीची सूज वाढत जाते, डोळा फिरवताना दुखतं, सोबत ताप आहे.
- एकच डोळा लाल, डोकं फुटेल इतकं दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. हा काचबिंदूचा अचानक आलेला झटका असू शकतो.
- कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल होऊन दुखतो.
- भाताचं कुसळ, उसाचं पातं, काडी किंवा माती डोळ्याला लागल्यानंतर डोळा लाल झाला आहे. कापणी आणि ऊसतोडीच्या दिवसांत अशा जखमेतून बुबुळाला बुरशी लागते आणि ती उशिरा लक्षात येते.
- तंबाखूच्या डबीतला चुना, ॲसिड किंवा इतर रसायन डोळ्यात गेलं आहे. इथे आधी घरातच किमान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, मगच निघा.
- बाळ जन्मून अजून २८ दिवस झालेले नाहीत आणि डोळ्यातून पू येतो. जन्माच्या वेळी लागलेला काही प्रकारचा संसर्ग एक-दोन दिवसांत बुबुळ निकामी करू शकतो.
- पुवाचं प्रमाण फार आहे किंवा घरी काळजी घेऊनही आठवड्याभरात उतार नाही.

ताप असेल तर आणखी दोन आजार डोळ्यासमोर ठेवावेत. तापासोबत खोकला, वाहणारं नाक, लाल डोळे आणि मग अंगावर पुरळ असं मुलाला झालं तर तो गोवर असू शकतो. दुसरा आजार लेप्टो. कोकण, मुंबई, गोवा इथे भाताच्या खाचरात किंवा साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी जोराचा ताप, पोटऱ्यांत तीव्र दुखणं आणि डोळे लाल, पण चिपडं मात्र नाहीत, असं झालं तर डोळ्यांच्या थेंबांत वेळ घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. लेप्टोत मूत्रपिंड आणि यकृत निकामी होऊ शकतं आणि वेळेवर दिलेल्या औषधाने जीव वाचतो.

शाळेत, कामावर कधी जायचं?

डोळ्यातलं पाणी आणि चिपडं थांबेपर्यंत घरी राहावं. बहुतेकांना पाच ते सात दिवस लागतात. किंचित लाली उरली तरी पाणी थांबलं असेल तर हात धुण्याची शिस्त पाळून जाता येतं. मात्र डॉक्टर, परिचारिका, पाळणाघरात काम करणारे, स्वयंपाकी, ब्यूटी पार्लरमध्ये काम करणारे यांनी आणखी काही दिवस थांबावं, कारण त्यांचे हात इतरांच्या चेहऱ्यापाशी आणि ताटापाशी असतात.

घरी राहण्याचा हा सल्ला देणं सोपं आहे, पाळणं अनेकांना परवडत नाही. रोजंदारीवरच्या माणसाची आठवड्याची मजुरी बुडते. धुणीभांडी करणाऱ्या ताईंचा पगार कापला जाईल, ही भीती असते. मुलाची हजेरी कमी पडेल म्हणून आईवडील त्याला काळा चष्मा लावून शाळेत पाठवतात. म्हणून साथीत शिक्षकांनी वर्गात उघडपणे सांगावं की डोळे आलेल्या मुलाची गैरहजेरी धरली जाणार नाही आणि बुडलेला अभ्यास नंतर भरून घेतला जाईल. शाळेच्या नळापाशी साबण ठेवावा आणि तो संपला की लगेच दुसरा आणावा. घरी मदतीला येणाऱ्या ताईंचे डोळे आले तर त्यांना पगार न कापता सुट्टी द्यावी. कारखान्यात, दुकानात, कार्यालयात ज्याच्या हाती रजेची सही आहे, त्याने ती अडवू नये. आजारी माणसाला आठवडाभर निवांत घरी बसता आलं की त्याचा डोळा तर बरा होतोच, पण त्याच्यासोबत काम करणाऱ्या, शिकणाऱ्या, प्रवास करणाऱ्या कितीतरी जणांचे डोळे येतच नाहीत.